फोन कापला त्या रात्रीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा रात्री दीडला बाबांचा फोन आला आणि मी कापला. रातच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी देणं चालू होतं, स्टार्टर धरत नव्हता, हे मला सकाळी कळलं. "फोन काहून कापला?" या आईच्या प्रश्नाला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते.

त्याच्या सहाच मिनिटं आधी उपग्रहाला गॅमा किरणांचा स्फोट दिसल्याचा निरोप आला होता. लांब कुठे तरी एखादा मोठा तारा स्वतःच्याच वजनानं आत ढासळतो आणि त्यातून भयंकर वेगाचा झोत सुटतो. गॅमा किरण आपली हवा अडवते. पण तो झोत भोवतालच्या वायूवर आदळला की साधा उजेडही निघतो, आम्ही तो शोधतो. तो झपाट्यानं मावळतो: दहा मिनिटांनी जेवढा, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा शंभर मिनिटांनी. बाबा, लाइन जायच्या आत शेवटचा वाफा भिजवायला तुम्ही जसे धावता, तशी माझी गत होती.

दुर्बीण लडाखात, हान्लेला, ४,५०० मीटर उंचीवर. मी मुंबईत लॅपटॉपसमोर. (आई, स्वेटर पाठवू नकोस.) नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा, उरेल तो ठिपका नवा. पण तो लघुग्रह असला तर तासाभरात सरकतो, कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून आलेला वेगवान कण, असला तर पुढच्या फोटोत नसतोच. आई, डाळीच्याच रंगाचा खडा निवडायचा म्हण ना.

हे स्फोट उपग्रहांना १९६७ पासून दिसत होते, पण असा पहिला ठिपका सापडला तो २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा. मी तेव्हा पाळण्यात होते. त्या रात्रीचा फोटो ८ मार्चच्या फोटोशेजारी ठेवला, तर एक ठिपका विझत गेलेला. आणि १९ मार्च २००८ चा तर काही क्षण नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी होता, अंतर सुमारे ७५० कोटी प्रकाशवर्षं! आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. रात्र असती तर मचाणावरून बाबांनाही दिसता.

परवाचा सापडला नाही. उपग्रहानं सांगितलेल्या जागेत पौर्णिमेचे शेकडो चंद्र मावले असते. "मंग रातभर केलं काय तुनं?" असं आई विचारणारच. जागलीला जाऊन डुकरं आली नाहीत, तर बाबा सकाळी काय सांगतात? "धुऱ्यापासून पांदणीपर्यंत फिरलो, काही नव्हतं." पहाटे मीही तेच कळवलं: कुठवर पाहिलं, किती अंधुकपर्यंत पाहिलं. म्हणजे बाकीच्यांनी तिथे पुन्हा वेळ घालवू नये.

बाबा, स्टार्टर मिस्त्रीला दाखवा, पैसे पाठवते. ओल्या हातानं बटण दाबू नका. संक्रांतीला येते.

आणि रात्री फोन कापला गेला, तर लगेच दुसऱ्यांदा लावा. दुसरा कापणार नाही.

तुमची,
ताई