चि. मनूस, बुकावूला निघण्याआधी

मिरज, रविवार रात्र

चि. मनू,

बॅग परत उपसू नकोस, नीट लावली आहे. आतल्या चेनच्या कप्प्यात निळं पाकीट आहे. एचआयव्हीची लागण रोखणारी, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी, रोज एक, २८ दिवस. हातमोज्यातून सुई टोचली तर. बाकी काही नाही. परवा जेवताना झालं ते बाबा विसरलेत, म्हणजे तसं दाखवतायत. काँगोचा नकाशा मात्र त्यांनीच फ्रिजवर लावलाय.

तू म्हणालीस, आई, तुला तिथलं काय कळतं. तिथलं नाही कळत. बलात्कार झालेली बाई तपासायची कशी तेवढं कळतं, तेवढंच लिहिते.

आधी घड्याळ बघ. एचआयव्हीची गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी. गर्भ राहू नये म्हणून द्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम १२० तासांपर्यंत चालते, पण जितका उशीर तितका भरवसा कमी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. हिपॅटायटिस बीची लस १४ दिवसांपर्यंत सुरू करता येते. दक्षिण किवूत, म्हणजे बुकावूच्या त्या प्रांतात, बाया डोंगर उतरून चालत येतात, म्हणून पहिला प्रश्न "कधी" हा विचार. "कोण" आणि "किती जण" नको. आणि ७२ तास उलटले म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नकोस. जखमा, गुप्तरोग, धनुर्वात, गर्भ, झोप, सगळं बाकी असतं.

दुभाषी बाईच हवी, आणि शक्यतो त्या गावची नको. गावची असली की तिच्यासमोर आलेली बाई तोंड उघडत नाही, उघडलंच तर बातमी घरी आधी पोचते.

कपडे पुरावा म्हणून घ्यायचे झाले तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, डीएनए जातो. पण ते तपासणारी प्रयोगशाळाच हाताशी नसेल तर घेऊच नकोस. तिच्या अंगावर कदाचित तेवढाच जोड असेल. मग उरतं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात "बलात्काराच्या खुणा नाहीत" असं कधीही लिहायचं नाही. "ताजी जखम दिसली नाही" असं लिही आणि जखम नसली म्हणून घडलं नाही असं होत नाही, हेही त्याच ओळीत. तिचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. योनीत दोन बोटं घालून करायची ती दोन बोटांची तपासणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवली. तिथे कुणी मोठा डॉक्टर सांगेल तरी करायची नाही.

लेक्चर झालं. हे सगळं तुला येतं. सुई टोचली तर दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, एवढंच परत सांगते.

तुझी ती रोज लिहायची वही. ती नेऊ नकोस. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू एम२३ या बंडखोर गटाच्या हाती गेलं. शहर ज्यांच्या हाती ते उद्या दवाखान्याची कपाटंही उघडतील. फायलीवर फक्त नंबर, नावांची यादी वेगळ्या कुलपात, फोनवर एकही फोटो नाही. आणि खोदून विचारू नकोस. रवांडातल्या वंशसंहाराच्या आंतरराष्ट्रीय खटल्यात, तिथला एक नगरप्रमुख अकायेसू याच्यावरच्या आरोपपत्रात आधी बलात्कार नव्हताच. एका साक्षीदार बाईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीचं सांगितलं, नवनीथम पिल्ले यांच्यासारख्या न्यायाधीशांनी धागा सोडला नाही, आरोप वाढले, आणि २ सप्टेंबर १९९८ ला बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरला. पण तो प्रश्न न्यायाधीशांचा होता. तू विचारलंस, मग संस्थेने विचारलं, मग पोलिसांनी, तर तीन कागदांवर तीन तपशील येतात आणि बचावाचा वकील तेच फडकवतो. पीडितांकडून माहिती कशी घ्यावी याची २०२२ ची मुराद संहिता हेच सांगते.

बुकावूच्या पन्झी रुग्णालयात फिस्टुला, म्हणजे मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडलेलं भोक, बघायला मिळेल, याचा मला हेवा वाटतो. ऑपरेशन सुंदर होतं आणि लघवीची नळी तुंबल्याने रात्रीत बिघडतं. मूत्राशय फुगलं की टाके उसवतात. म्हणून राउंडला आधी नळी बघायची: वाहतेय का, अंथरूण कोरडं आहे का, बाई पाणी पितेय का. तिथल्या डॉक्टर मुक्वेगेंना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हाचं कात्रण नानांनी जपलं होतं; आता ते दूधवाल्यालाही दाखवतात. सहावीत तू गल्लीतल्या कुत्रीला टाके घालायला निघाली होतीस, तेही सांगतात.

युद्धातल्या लैंगिक अत्याचारांवरचे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे ठराव, २००८ चा १८२०, २००९ चा १८८८, भाषणाला बरे पडतात. २०१९ चा २४६७ वाच. त्यातून पीडितांसाठी प्रजनन आरोग्यसेवा, एवढे शब्द अमेरिकेने नकाराधिकाराची धमकी देऊन गाळायला लावले. २०२५ मध्ये परदेशी मदत आटली आणि या औषधांची किट संपायला लागली. तिकडे पोचल्यावर स्टोअरमध्ये स्वतः जाऊन खोकी मोज, मुदतीच्या तारखा बघ. यादीवर विसंबू नकोस.

अंधार सहालाच पडतो तिथे. त्यावर लिहिणार नव्हते. गाडी एकटी नको, दोन असू देत. सुईचंच म्हणते मी.

निळ्या पाकिटात त्या गोळ्यांच्या मागे आणखी एक छोटी पट्टी आहे, एकच गोळी, दीड मिलिग्रॅमची. सुई टोचल्यावर ती लागत नाही हे मला माहीत आहे. राहू दे.

तुझी,
आई