टॅझोचा डबा

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलेस ते तुझे टॅझो अजून आहेत. माळ्यावर, श्रीखंडाच्या जुन्या डब्यात. तेव्हा ते ऑनलाइन विकत घ्यायचं खूळ डोक्यातून काढ. चिप्सच्या पुड्यात फुकट आलेल्या चकत्यांना कोणी एवढे पैसे मोजतं का रे?

डबा उघडून बघितला. पोकेमॉन कार्टूनमधला पिकाचू कडेला दुमडलाय, बाकीचे धड आहेत. खाचांत खाचा अडकवून तू काहीतरी विमानासारखं केलं होतंस, तेही तसंच आहे. स्क्वर्टल तीन निघाले. पुडा बाहेरून चाचपला की आत कोणता आहे ते कळतं, असा तुझा दावा असायचा. तुम्ही पोरांनी एवढे पुडे चाचपलेत, की शेवटी वाण्याने ते वरच्या फळीवर नेऊन ठेवले. घरी आल्यावर टॅझो तुझा आणि पुडा आमचा! निम्मे चिप्स मी बाबांच्या पोह्यांवर चुरून घातलेत.

ताईच्या वेळी बरं होतं. तेव्हा संध्याकाळनंतर कार्टून नेटवर्कच्या जागी टीएनटी चॅनेलचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, त्यामुळे टीव्ही बंद करायला आम्हाला ओरडावं लागत नसे. २००१ साली कार्टून नेटवर्क चोवीस तास झालं आणि आयांचा तेवढाही आधार गेला. मग २००३ मध्ये पोकेमॉन आलं. पुढचं तुला ठाऊकच आहे.

पण तू आठवणी काढतोस त्या मॅकडोनाल्ड्सच्या खेळण्यांच्या. मला आठवतो तो प्रवास. मॅकडोनाल्ड्स वांद्र्याला लिंकिंग रोडवर आलं १९९६ मध्ये, आपण गेलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून वांद्रे, तेही मे महिन्यात. काउंटरपाशी काचेच्या पेटीत खेळणी मांडलेली होती. तू पेटीला नाक लावून उभा, आणि मागची रांग खोळंबलेली. खेळण्यासोबतच्या त्या पोरांच्या जेवणातलं, हॅपी मीलमधलं, तू खाल्लंस काय, तर चार फ्राइज. बर्गर बाबांनी संपवला आणि म्हणाले, "खेळणं बरं आहे, पण वडापाव तो वडापावच."

हे सगळं पोरांना ओढायचे धंदे, हे तेव्हाही कळत होतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने २०१० मध्ये कायदा केला, की पौष्टिक नसलेल्या जेवणासोबत खेळणं फुकट द्यायचं नाही. मग तिथल्या मॅकडोनाल्ड्सने खेळण्याचे वेगळे १० सेंट लावले. झालं! धंदेवाल्यांपुढे कायद्याचं काय चालणार? आम्हीही काही शहाणे नव्हतो म्हणा. काडेपेटीच्या छापांसाठी मी आणि तुझा मामा स्टेशनबाहेरच्या विडीवाल्यांच्या पायाशी घुटमळायचो. आजीने एकदा बघितलं, मग काय झालं ते मामालाच विचार.

प्रथमेश पुढच्या आठवड्यात टोरांटोला निघतोय. मेतकूट, गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ त्याच्या बॅगेत आधीच गेलंय. वजनात बसलं तर सगळे टॅझो देते, नाहीतर कोणते हवेत ते लवकर कळव. एक स्क्वर्टल ताईच्या ईशानला देणार आहे, कुरकुर करू नकोस.

आणि हो, रविवारी ईशानला हॅपी मील हवंय. बाबांना आता साखरेमुळे बंदी, त्यामुळे या खेपेला उरलेला बर्गर मलाच संपवावा लागणार.

तुझी,
आई