फोटोखाली लेखिकेचं नाव कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूडवर पानभर मजकूर आला, फोटो झकास होते, मेरी पिकफोर्ड होती, मारी ड्रेसलर होती, पण ह्या दोघी नट्यांचे गाजलेले पिक्चर जिने लिहिले त्या फ्रान्सिस मॅरियनचं नाव अख्ख्या पानात एकदाही नाही. फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

ही सॅन फ्रान्सिस्कोची, १८८८ चा जन्म. १९१७ मध्ये पिकफोर्डसाठी 'द पुअर लिटल रिच गर्ल' लिहिला, त्यात चोवीस वर्षांची पिकफोर्ड लहान मुलगी होऊन चिखलात लोळते, तिथून ह्या दोघींची जी जोडी जमली ती जमलीच. १९३० मध्ये तुरुंगावरचा 'द बिग हाऊस' लिहिताना ही बाई घरात बसून लिहीत बसली नाही, थेट सॅन क्वेंटिन जेलमध्ये जाऊन बघून आली. त्याच पिक्चरला ऑस्कर मिळालं आणि लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई ठरली, पुढे 'द चॅम्प'साठी दुसरंही मिळालं.

पण मला खरं सांगायचंय ते ड्रेसलरचं. एकेकाळची मोठी स्टेज स्टार, वय झालं, काम मिळेना, तेव्हा फ्रान्सिसने तिच्यासाठी रोल लिहायला घेतले. १९३० च्या 'ॲना ख्रिस्टी' मध्ये मूकपटांची स्टार ग्रेटा गार्बो पहिल्यांदा पडद्यावर बोलली हे सगळे सांगतात, पण तो बारमधला सीन परत बघा, समोर टेबलाला बसलेली थकलेली, दारू प्यायलेली म्हातारी म्हणजे ड्रेसलर, आणि नजर तिच्यावरनं हलत नाही. मूळ नाटक यूजीन ओनीलचं, पटकथा फ्रान्सिसची. त्याच वर्षी 'मिन अँड बिल' आला, ड्रेसलरला बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर मिळालं तेव्हा तिने साठी ओलांडली होती. साठीच्या, जाड्या, चारचौघींसारख्या बाईला हिरोईन करायचं हे कागदावर आधी कुणालातरी सुचावं लागतं ना!

तुमच्या पानात दिग्दर्शकांची नावं आहेत, स्टुडिओच्या मालकांची आहेत, मग लिहिणारीचंच का नाही? पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर तिचा एक फोटोही टाका.

आपला नेहमीचा वाचक,
सातारा