सुट्टीतलं पिल्लू आणि १५ जून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपल्या की मुलांचा लकडा सुरू होतो: कुत्रा आणू या. आईवडीलही विरघळतात, कारण सुट्टी आहे, मुलं घरीच आहेत, बघतील त्याच्याकडे. नोकरदार घरासाठी पिल्लू आणण्याचा याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

एप्रिलच्या मध्यावर आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं असं धरा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकच डोस देऊन निर्धास्त झालेल्यांची पिल्लं इथेच दगावतात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. हे सगळं होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, माणसं जरूर दाखवावीत. पण मे महिन्यात सगळं कुटुंब गावी निघतं आणि पिल्लूही गाडीत बसतं.

मग १५ जूनच्या सुमारास शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. पिल्लू आता चार महिन्यांचं. लघवी किती वेळ धरता येते याचा ढोबळ हिशोब असा: वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे पाच. घर मात्र दहा ते सहा बंद, म्हणजे आठ. वरचे तीन तास कोण भरून काढणार, हे ठरलं नसेल तर पुढची चर्चाच नको. दुधाचे दात पडून नवे येण्याचा काळही हाच, चौथ्या ते सहाव्या महिन्याचा. चपला, वायरी, सोफ्याचे पाय काहीच वाचत नाही. पावसात गोचीड वाढते आणि तिच्यामागून टिक फीव्हर: ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या.

सगळ्यात मोठा घोळ एकटेपणाचा. दोन महिने सतत कुणाच्या तरी मांडीवर असलेलं पिल्लू एका सकाळी अचानक आठ तास एकटं पडतं. ते केकाटतं, दार ओरबाडतं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही हे खरं, पण त्याने शेजाऱ्याची झोप परत मिळत नाही. एकटं राहणं पहिल्या आठवड्यापासून शिकवावं लागतं: पाच मिनिटं, दहा, वीस, ते शांत असतानाच दार उघडून आत येत.

तयारी आहे का हे कुत्रा न आणताच तपासता येतं, आणि तेही जुलैत. पंधरा दिवस सकाळी सहाला आणि रात्री जेवणानंतर अर्धा-अर्धा तास, पाऊस असला तरी, बाहेर पडायचं. दुपारी कुणीतरी एकाने घरी येऊन जायचं. हट्ट धरणाऱ्या मुलानेही यात हजेरी लावायची. बहुतेक हट्ट पाचव्या दिवशी मावळतात. खर्चासाठी तीस किलोचा लॅब्रॅडॉर धरा: रोज साधारण ३५० ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला साडेदहा किलो. भाव दुकानात विचारून गुणाकार करा आणि त्यात लसी, गोचिडीचं औषध, दिवाळी-मे महिन्यातलं बोर्डिंग मिळवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. करार अकरा महिन्यांचा असतो, कुत्रा बारा-तेरा वर्षांचा.

दिवसभर घरी कुणी नसेल तर पिल्लाचा विचार सोडून निवारा केंद्रातला दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा बघावा. लस आणि नसबंदी बहुधा झालेली असते, स्वभाव समोर दिसतो, आणि सवय लागली की तो सहा-आठ तास लघवी धरू शकतो. थंड प्रदेशातल्या हस्कीपेक्षा तो नागपूरच्या उन्हाळ्यातही बरा. आणायचा तो मात्र आठवडाभर रजा टाकूनच.

एक विनंती आपल्याकडेही. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तरी महिनाभराची पिल्लं ‘दोन महिन्यांची’ म्हणून खपवली जातात. तोंड उघडून बघितलं तर मागच्या दाढाही फुटलेल्या नसतात. छोट्या जाहिरातींत पिल्लांच्या विक्रीचा मजकूर घेताना नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे