आखाजीच्या आत झोका उभा राहायला हवा

अमळनेर
होळीनंतरचा गुरुवार

प्रिय मित्रा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी झोक्याच्या पायाला भोक पाडत होतो. एका हातात लाकूड कोरायची पटाशी, दुसऱ्या हातात लाकडी मोगरी आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला. हत्यारांचं कुठलं किट घेऊ, आणि सुरुवात एखाद्या स्टुलापासून करू का, असं तू विचारलंस. मी दोन्हीला "नको" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. ते बरं झालं नाही. इतक्या वर्षांनी तू हाताने काही करायचं मनावर घेतलंस आणि माझ्याकडून तुला नुसते नकार मिळाले. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

आधी झोक्याचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच आलं. गावचं आमचं धाब्याचं घर तुला आठवत असेलच. उन्हाळ्यात आपण वर धाब्यावर गोधड्या टाकून झोपायचो. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत बसली आणि घर उतरवावं लागलं. वरची खारी माती निघाली, मग खालून सागाच्या कड्या, तुळया आणि खांब एकेक करून बाहेर आले. धुराने काळेकुट्ट झालेले. जुनं लाकूड विकत घेणारा माणूस आला आणि त्याने जळाऊ लाकडापेक्षा थोडा जास्त भाव सांगितला. मी एका तुळईवर नखाएवढी जागा पटाशीने तासून पाहिली. आतून मधासारखा रंग निघाला आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. त्या माणसाला मी चहा पाजला आणि परत पाठवलं.

त्याच वर्षी रस्ता रुंद झाला आणि दारातला कडुनिंब गेला. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, पोरीबाळी जमल्या, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. पण झोका बांधायला फांदीच नव्हती. संध्याकाळी ताई ओट्यावर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. बोलली काहीच नाही. तेव्हाच मी ठरवलं, की ह्याच घराच्या लाकडाचा झोका करायचा. सांध्यात एकही खिळा नको, आणि चार बायकांनी एकदम बसून उंच झोके घेतले तरी करकरायला नको.

आता तुझ्या किटबद्दल. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. बारा पटाश्यांचा संच, प्लॅस्टिकची पेटी, ४९९ रुपये. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्याच दिवशी सागातल्या एका गाठीवर धार आदळली आणि पात्याची कड कागदासारखी दुमडली. पुन्हा धार लावली, पुन्हा दुमडली. मग पेठेत ग्राइंडरवर नेऊन दिली. तिथल्या पोराने दाबून धरली, ठिणग्या उडाल्या आणि टोक निळं पडलं. निळं पडलं म्हणजे पातं साधारण तीनशे अंशांपर्यंत तापलं आणि त्या जागचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती पटाशी कामाची राहत नाही. माझ्या त्या संचात पाणी मुळातच धड नव्हतं, त्यामुळे घासूनही काही उपयोग झाला नाही. बारातल्या अकरा पटाश्या अजून पेटीत पडून आहेत. बारावीने मी रंगाचे डबे उघडतो.

त्यानंतर मी एकेक हत्यार घ्यायला लागलो. काम अडलं की त्या कामापुरतं एक, पण घेतलं ते चांगलंच. पहिला घेतला पाच नंबरचा लोखंडी रंधा. लांबी चौदा इंच, पातं दोन इंच रुंद. पैसे मोजताना हात जड झाला होता, हे खरं. पण त्या रंध्याचा तळ सपाट आहे, पातं हलत नाही, आणि मागचं पितळेचं चाक थोडं फिरवलं की छिलका जाड-पातळ होतो. पहिल्यांदा नीट धार लावून तुळईवरून फिरवला तेव्हा चार फुटांचा अखंड छिलका निघाला. इतका पातळ की त्यातून खिडकी दिसत होती. बायकोला हाक मारून दाखवला. तिने तो बोटाला गुंडाळला आणि दिवसभर तसाच ठेवला.

तुला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझा महिना वाया जाणार नाही. चांगलं हत्यार घरी येतं तेव्हा ते तयार नसतं. नव्या पटाशीची पाठ दगडावर घासून आरशासारखी सपाट करावी लागते. सगळी नाही, टोकाकडची दीड-दोन इंच पुरे. माझ्या पंचवीस मिलिमीटरच्या पटाशीला तीन संध्याकाळी लागल्या. मग पुढची बाजू २५ अंशांवर घासायची आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी द्यायची. १००० नंबरच्या दगडावर घासत राहिलास की पाठीकडून बोट फिरवल्यावर एक खरखरीत कड लागते. ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागेपर्यंत थांबायचं नाही. ती लागली की मग बारीक दगड, ६०००चा, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. मनगटावरचे केस निघाले तर धार झाली. सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. मी तासाभराने हमखास पुन्हा दगडाकडे जातो. आधी वाटायचं, ह्यात वेळ जातो. आता त्यातच हात शांत होतो.

गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, घेशील तेव्हा दुकानातच तपासून घे. सरळ कडेच्या फळीला लावून एक रेघ मार. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मार. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. मी चार तपासले तेव्हा एक निघाला. दुकानदार वैतागला होता, पण शेवटी त्यानेच बाकीचे तीन बाजूला काढून ठेवले.

करवती मात्र दोन लागतील. उभ्या कापाच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे असतात, ते लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने ढलपी काढतात. आडव्या कापाचे दात चाकूच्या टोकासारखे, ते रेषा आधी तोडतात. एकीचं काम दुसरीकडून करून घेतलंस तर हात दुखेल आणि काप वाकडा जाईल.

आता स्टूल. स्टूल लहान दिसतं म्हणून सोपं वाटतं, पण तसं नाही रे भो. स्टुलाचे पाय बहुधा दोन्ही अंगांनी तिरके असतात, त्यामुळे त्यातला एकही सांधा काटकोनात बसत नाही. माझ्या झोक्याचे पाय एकाच अंगाने तिरके आहेत, तरी त्या कोनासाठी मला खोलीभर खडूने पूर्ण मापाची आकृती काढावी लागली, आणि पाय त्या आकृतीवर ठेवून सांधे आखले. तुझ्या मुलीला पलंग हवाय ना? मग पलंगच कर. सहा फूट बाय तीन फूट. चार पाय, चार पाट्या, आठ सांधे, सगळे काटकोनी, सगळे सारखे. पहिला सांधा ढिला होईल. आठव्यापर्यंत तुझा हात बसलेला असेल. शिवाय त्यावर तुझी मुलगी झोपणार आहे, त्यामुळे पहिला ढिला सांधा तू तसाच सोडणार नाहीस, पुन्हा करशील. स्टूल तसंच कोपऱ्यात सारलं गेलं असतं.

झोक्याच्या बाबतीत मला भीती होती ती वजनाची. म्हणून आधी कागद घेऊन बसलो. अकरावीचं फिजिक्स कामाला आलं. झोका साठ अंशांपर्यंत वर गेला तर खाली मधोमध येताना दोरांवर बसलेल्यांच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. दोर आडवा होईपर्यंत गेला तर तिप्पट. दोघीजणी आणि पाट मिळून दीडशे किलो धरले, तर आढ्याने, म्हणजे वरच्या आडव्या तुळईने, साडेचारशे किलो सहज पेलले पाहिजेत. चौघी बसल्या तर त्या तेवढ्या उंच जाणार नाहीत, पण हिशेब तिथेच येतो. आमची तुळई चार इंच बाय सहा इंच आहे. ती सहा इंचांची बाजू उभी ठेवून बसवली, कारण आडवी ठेवण्यापेक्षा ती अशी दीडपट भार घेते. घरात ती शंभर माणसांच्या वजनाची माती पेलून उभी होती, असं आई म्हणते. मी तरीही गणित केलं.

सांधे कुसवाचे आहेत, म्हणजे एका लाकडाच्या टोकाची जीभ (कुसू) दुसऱ्याच्या भोकात बसते. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश. रेघा पेन्सिलीने नाही, सुरीने मारल्या. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, मग पटाशी तिच्या आत ठेवायची की बाहेर, हा घोळ होतो. सुरीच्या रेघेत पटाशी आपोआप जाऊन बसते. आणि खुंटीची एक युक्ती आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी शिकवली. खुंटीसाठी कुसवातलं भोक पायातल्या भोकापेक्षा दीड मिलिमीटर आत, खांद्याच्या (कुसू जिथून सुरू होतं त्या) बाजूला पाडायचं. मग खुंटी ठोकत गेलं की ती स्वतः वाकत वाकत सांधा ओढून घट्ट करते. खुंट्या मानवेल बांबूच्या, कापलेल्या नाही, फोडलेल्या, म्हणजे रेषा टोकापर्यंत अखंड राहते. पहिली खुंटी ठोकली तेव्हा सांध्यातली केसाएवढी फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. मी मोगरी खाली ठेवली आणि दोन मिनिटं नुसता बघत बसलो. (मोगरी अंजनाची आहे, मिस्तरींनीच दिली. मुठीएवढा तुकडा, पण हातात घेतलास तर दगड वाटेल.)

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. फेब्रुवारीत तिसऱ्या पायाचं भोक मी चुकीच्या अंगाला पाडलं. चारही पायांच्या दर्शनी बाजूंना खूण करायची राहिली होती, आणि त्या दिवशी ऑफिसातून येऊन घाईने बसलो होतो. पूर्ण चार इंच खोल गेल्यावर लक्षात आलं. तो खांब आजोबांच्या खोलीतला होता, त्यावर त्यांच्या कंदिलाची खुंटी होती. मला रडू आलं, खरंच सांगतो. मिस्तरी आले, भोक पाहिलं आणि म्हणाले, "घाई नको करू भाऊ, लाकूड काही पयी नही जाई ऱ्हायनं." म्हणजे लाकूड काही पळून जात नाहीये. मग आम्ही त्या भोकात त्याच खांबाच्या कापलेल्या तुकड्याचं ठिगळ बसवलं, रेषेला रेष जुळवून. तो पाय आता मागच्या बाजूला आहे. बोट फिरवलं तरच कळतं.

आता पहाटे पाच ते आठ एवढंच काम होतं. ऊन चढलं की रंधा हातात धरवत नाही. पुढच्या आठवड्यात चौकट उभी करायची आहे, आठ माणसं लागतील. मग आढ्याला गव्हाची दहा पोती टांगायची, पन्नास किलोची एकेक, आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी सुतळीने तुळईचा बाक मोजणार. त्यानंतर पहिली ताई बसेल.

तू आखाजीला येच. वहिनींना आणि मुलीला घेऊन ये. पलंगाची मापं बरोबर आण, आपण इथेच ओट्यावर बसून सांधे आखू, आणि एक सांधा तू माझ्या हत्यारांनी करून बघ. मग काय घ्यायचं ते तुला आपोआप कळेल.

आणि एक काम. तुमच्याकडे बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे एकदा चक्कर मार. अठरा मिलिमीटरची जाड पात्याची पटाशी मिळाली तर घेऊन ठेव. मूठ नसली तरी चालेल, मूठ मी शिसवाची करीन. वरचा गंजही चालेल. फक्त पाठ बघ. पाठीला टोकाजवळ खड्डे पडलेले असतील तर कितीही स्वस्त दिली तरी सोडून दे.

वाट बघतो.

तुझाच,
मित्र