दहा गाई घेण्याआधी

ता. संगमनेर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "दहा गाई, गाईला पंधरा लिटर, लिटरला तीस रुपये, रोजचे साडेचार हजार." मी नुसता हं हं करत राहिलो, कारण गव्हाला पाणी चालू होतं आणि बारं मोडायचं होतं. आता लाईट गेलीय, निवांत लिहितो.

तुझा हिशेब खोटा नाही, अर्धा आहे. दावणीला दहा असल्या तरी दहाच्या दहा दुधात कधीच नसतात. माझ्याकडे आठ आहेत, त्यातल्या सहा दुधात आणि दोन भाकड. दुधातली गाय दिवसाला वीस किलो मूरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा मका, खाते. घरचा असला तरी मी किलोला पाच रुपये लावतो, म्हणजे शंभर. गोळी पेंड पाच किलो, बत्तीसनं एकशे साठ. कडबा आणि खनिज मिश्रणाचे चाळीस. झाले तीनशे. गाय चौदा लिटर देते, म्हणजे लिटरमागे साडेएकवीस रुपये नुसत्या तोंडचे. दर २८ धर. साडेसहा उरले असं वाटतं ना? पण भाकड गाय दीडशेचं खातेच, दोघींचे तीनशे, आणि ते याच चौऱ्याऐंशी लिटरवर बसवायचे. आणखी साडेतीन गेले. राहिले तीन. त्यात डॉक्टर, रेतन, लाईट, बँकेचा हप्ता आणि पहाटे चारला उठणारी आपली बायको. तिची मजुरी मी पाच वर्षं धरलीच नव्हती. एकदा तिनंच वही ओढून घेतली आणि मांडून दाखवली, तेव्हा गप्प बसलो.

दराचं सांगतो. २०२३ च्या जुलैत सरकारनं ३.५ फॅट (स्निग्धांश), ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असलेल्या गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये ठरवून दिले. मला वाटलं, आता खाली पडायची भीती गेली. कर्ज काढून दोन गाई आणल्या, लाख-लाख रुपयांच्या. दिवाळीच्या सुमारास दर २७ वर आला. हप्ता जड झाला म्हणून एक विकायला काढली तर व्यापारी पासष्ट हजार म्हणाला! मला धडा मिळाला तो इथं. दूध उतरलं की गाईची किंमतही उतरते. ज्या दिवशी पैसा लागतो त्याच दिवशी गोठा स्वस्त होतो. म्हणून गाय चढत्या दरात घ्यायची नाही. सगळे विकायला काढतात तेव्हा घ्यायची, आणि त्यासाठी हातात रोकड लागते.

पुढं जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान आलं. त्याला गाईच्या कानात टॅग आणि ऑनलाइन नोंद हवी होती. माझ्या एका गाईनं टॅग गव्हाणीत घासून तोडला होता, तिच्या दुधाचे पैसे लटकले. चूक माझीच. पण तेव्हापासून अनुदान हिशेबात धरत नाही. आलं तर सणाला आलं समजायचं.

तोट्यात पहिला हात जातो पेंडीवर. मीही गेलो होतो. दोन किलो कमी केली, रोजचे पैसे वाचले, आणि पंधरा दिवसांत दूध उतरलं, एसएनएफही ८.५ च्या खाली गेलं. मग कमी झालेल्या प्रत्येक पॉइंटमागे दरात कापाकापी सुरू. वर एक गाय माजावरच येईना. माज हुकला की गाभण करायला पुन्हा २१ दिवस थांबायचं, म्हणजे तेवढं भाकडपण वाढलं. वाचवलेली पेंड महागात पडली.

दर आपल्या हातात नाही, चारा थोडाफार आहे. कडबा सुगीतच, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून ठेव. जूनमध्ये पाऊस लांबला की विकणारा सांगेल ती किंमत. मूरघासाचा मका दाणा चिकात आला की कापायचा. कोवळा कापला तर पाणी सुटतं, वाळला तर दाबला जात नाही, हवा राहते आणि बुरशी येते. आठ गाईंना वीस किलोनं वर्षाला जवळजवळ साठ टन लागतात. एकरी पंधरा टन धरला तर चार एकराचा मका, म्हणजे दोन एकर आणि दोन हंगाम. तुझी सगळी मिळून तीन एकर, त्यातही अर्ध्यात डाळिंब. दहा गाईंचा चारा आणणार कुठून? विकतच्या मक्याची गत वेगळी. आता इथेनॉलवालेही मका घेतात, त्यामुळं भाव आपल्या दुधाकडे बघून चालत नाही.

सरकी पेंडीचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात होतात, अकोल्याच्या मालावर. आपल्यासारख्यानं त्यात उतरू नये, पण मोबाईलवर भाव बघायला काय जातं? कापसाच्या हंगामात आवक वाढते तेव्हा दोन महिन्यांची पोती घ्यावीत. त्याहून जास्त नको, ओल लागली की पेंड विष होते. दुधाला असा वायदा आपल्याकडे नाहीच. अमेरिकेत मात्र एक योजना आहे, तिच्यात दुधाच्या भावाचा विमा नसतो, दुधाचा भाव आणि चाऱ्याचा खर्च यांच्यातल्या फरकाचा असतो. आपल्या वहीतही नेमका तोच रकाना हवा.

माझ्या वहीत आता तीन रकाने आहेत: दर २४, २८ आणि ३२. २४ च्या रकान्यात बँकेचा हप्ता निघत नसेल तर गाय घ्यायची नाही, एवढं एकच बघतो. आणि ३० च्या वर जे मिळतं ते दुधाच्या पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो. वहिनींना सांग, ते खातं त्यांच्या नावावर काढा. तुझ्या नावावर असलं तर त्यातून बुलेट येईल.

तू चार गाईंनी सुरुवात कर, दोन दुधात आणि दोन गाभण. चौघी एकदम व्यालेल्या घेऊ नकोस, भाकडही एकदमच होतील. व्यापारी पहिल्या आठवड्याचं दूध दाखवतो, तू सलग तीन धारा स्वतः मोजून घे.

माझा मका चिकात यायला अजून तीन आठवडे आहेत. मका बारीक कापायचं कुट्टी मशीन ठरलं की कळवतो, तेव्हा मुक्कामाला ये. वही इथंच बसून मांडू. जुने बूट आण, मूरघासाच्या खड्ड्यात उतरून तुडवायला माणसं कमीच आहेत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या