वरच्या मजल्यावरच्या ताईंना, लाल पेनाबद्दल

ताई,

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "चहा घे आणि गप बस" म्हणाल, म्हणून चारचौघांत लिहितोय.

आमचा धंदा तुम्हाला माहीत आहे. लग्नं, वास्तुशांती, आणि जत्रा सुरू झाल्या की सांगली जिल्ह्यातल्या कुस्ती मैदानांचं लाइव्ह. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ, म्हणजे लाइव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर. माणसं कमी. सीन मीच बदलणार, जोडीच्या नावाची पट्टी मीच टाकणार, हलगी चढली की निवेदकाचा आवाज मीच वर घेणार. यंदा वाटलं, ओबीएस चालवून देणारं एआय एजंटचं टूल घ्यावं. आपण तोंडानं सांगायचं, ते करणार. त्याचं डॉक्युमेंटेशन दोन रात्री बसून वाचलं, मला ते झकास वाटलं, आणि तपासायला छापून तुमच्याकडं आणलं.

तुम्ही कुपवाडच्या एमआयडीसीत मशिनची मॅन्युअलं लिहिता. ओबीएस कशाशी खातात हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तेच कामाला आलं. तुमची अट एकच होती: "मी वाचते, तू कर. वाक्यात नाही ते करायचं नाही."

तिसऱ्याच पायरीला अडलो. कागदावर पोर्ट ४४४४, मी टाकला ४४५५. "हे कुठं लिहिलंय?" कुठंच नव्हतं. पोर्ट म्हणजे टूलनं ओबीएसला जोडून घ्यायच्या दाराचा नंबर, आणि ती जोडणी म्हणजे वेबसॉकेट. ४४४४ हा जुन्या, वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या वेबसॉकेट प्लगइनचा पोर्ट. २०२२ मध्ये ओबीएस २८ आलं तेव्हापासून वेबसॉकेट आतच असतं आणि त्याचा पोर्ट ४४५५. माझा हात सवयीनं तिकडं गेला होता. तुम्ही पहिला लाल गोल काढलात आणि म्हणालात, "हे मॅन्युअल तुझ्या जिवावर चाललंय."

मग तुम्ही विचारलंत ते मला दोन रात्रींत एकदाही सुचलं नव्हतं. "हे तू वाचणार. ते एआय काय वाचतं?" हे टूल एमसीपीवर चालतं, म्हणजे अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर; एआयला बाहेरची सॉफ्टवेअरं जोडायची ही ठरलेली पद्धत. त्यात प्रत्येक कामाचं नाव, त्याचं वर्णन आणि कुठली माहिती भरायची त्याचा साचा मॉडेलला, म्हणजे त्या एआयला, मिळतो. कुठलं काम उचलायचं हे मॉडेल त्यावरून ठरवतं. तुम्ही ती वर्णनं छापून आणायला लावलीत. एकेका ओळीची होती सगळी. प्रिव्ह्यू सीन बदलणाऱ्या कामापुढं "सीन बदलतं", प्रोग्रॅम सीन बदलणाऱ्या कामापुढंही "सीन बदलतं". स्टुडिओ मोडमध्ये पहिलं फक्त मला दिसतं, दुसरं थेट लोकांना. मी समजावून सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे एक ताट स्वयंपाकघरात आणि एक पंगतीत, आणि वाढप्याला दोन्हीला 'ताट'च सांगितलंय."

आवाजाचंही तसंच. तिथं नुसतं "आकडा द्या" एवढंच. ओबीएस डेसिबलही घेतं आणि मूळ आवाजाच्या किती पट तेही घेतं. शून्य डेसिबल म्हणजे आवाज आहे तसा, शून्य पट म्हणजे निवेदक मुका.

पण खरा घाम फुटला तो चाचणीत. नशीब, लाइव्ह प्रायव्हेट ठेवलं होतं. मी म्हणालो, "जरा थांबव, पुढची जोडी येईपर्यंत जाहिरात लाव." त्यानं आधी स्ट्रीमच बंद केला, मग इमानदारीत जाहिरात लावली. यूट्यूबवर ऑटो-स्टॉप चालू असलं की असा कार्यक्रम साधारण मिनिटाभरात आपोआप संपतो, आणि संपलेला त्याच लिंकवर परत सुरू होत नाही. नंबर एकची कुस्ती लागताना हे झालं असतं तर गावच्या साऱ्या मुंबईकरांनी माझ्या नावानं शंख केला असता.

तुम्ही मात्र शांतपणे पानं उलटत विचारलंत, "केल्यावर मागं फिरता येत नाही अशी कामं कुठल्या पानावर दिलीत?" तसं पानच नव्हतं. तुमच्या प्रेस मशिनच्या पुस्तकात ते पान चित्रांच्याही आधी येतं, कारण प्रेस हात परत देत नाही, असं म्हणालात. खरं सांगतो, त्या वेळी मला तुमचाच राग आला होता. टूलचे पैसे भरून झाले होते.

एकूण अठरा गोल निघाले. मी वर्णनं माझ्या हातानं नव्यानं लिहिली, स्ट्रीम बंद करायचं काम एजंटच्या यादीतून काढून टाकलं, आणि अठरा मुद्दे बनवणाऱ्यांना पाठवले. गेल्या मैदानात सीन आणि नावाच्या पट्ट्या एजंटनं सांभाळल्या. पट्टी एकदाच फसली. पट्टी दाखवायला ओबीएस तिचा नंबर मागतं आणि तो प्रत्येक सीनमध्ये वेगळा असू शकतो. तुमचा अकराव्या नंबरचा गोल नेमका हाच होता; तो मी "बघू नंतर" म्हणून सोडला होता. निकाली कुस्ती झाली, पैलवान चितपट, आणि खाली नाव मागच्या जोडीचं! जिंकलेल्या पोराच्या वस्तादांनी मैदानातच माझी हजेरी घेतली.

बनवणाऱ्यांची नवी आवृत्ती परवा आली आहे. पोर्ट दुरुस्त केलाय, ताटंही वेगळी केलीत. मागं न फिरणाऱ्या कामांचं पान अजून दिसत नाही. रविवारी रात्री आठनंतर वर येऊ का? छापून आणतो, भडंगही आणतो. तुमचं लाल पेन माझ्याकडंच राहिलंय.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा कॅमेरावाला